आक्काचं कडवं

मी रोज सकाळी एक कविता वाचते आणि चार ओळी लिहिते, आणि यामुळं आजवर कुणाचंही नुकसान झालेलं नाही. अपवाद एकच. आमच्या दादाच्या मुलीचं लग्न.

नवी पेठेत आमचं अस्तर, फॉल आणि मॅचिंग ब्लाउजपीसचं दुकान आहे. शटर वर गेलं, उदबत्ती लागली, की पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत पाऊण तास रिकामा असतो. त्या वेळात हे (म्हणजे आमचे यजमान) पेपर वाचतात आणि मी कविता वाचते. मग साडीचा फॉल ज्या पुठ्ठ्यावर गुंडाळून येतो, तो पुठ्ठा पालथा करून त्यावर चार ओळी लिहिते. कुणाला दाखवण्यासाठी नाही. दिवसभर "ताई, ह्याला मॅचिंग दाखवा" हे एकच वाक्य ऐकायचं असतं, त्याआधी चार शब्द आपले स्वतःचे असले की मला बरं वाटतं, एवढंच. बावीस वर्षांत त्या पुठ्ठ्यांची थप्पी माळ्याला टेकली आहे. ह्यांचं म्हणणं, "त्यात वाळवी लागली तर ती पण कविता करायला लागेल." मी लक्ष देत नाही. ह्यांनी आयुष्यात एकच कविता पाठ केली, ती चौथीच्या परीक्षेसाठी, आणि तीही पेपरात आली नाही.

तर वैनी, म्हणजे माझ्या दादाची बायको, मुलीच्या शालूला अस्तर घ्यायला दुकानात आल्या. मी आत डाळिंबी रंग शोधतेय, तोवर त्यांनी काउंटरवरचा पुठ्ठा उचलून वाचला.

"वन्सं, हे तुमी लिवलंय?"

"असंच आपलं."

"मग आमच्या प्राजूची मंगलाष्टकं तुमीच लिवा की. कार्यालयातली बाई येती, दोन कडवी म्हणती आन त्यात घरातल्या एकाचं नाव नसतं. कुणाचं लगीन चाललंय तेच कळत न्हाय."

बावीस वर्षांत माझी कविता कुणीतरी मागितली होती. मी डाळिंबीऐवजी राणी रंगाचं अस्तर कापून दिलं, इतकी मी हरखले.

संध्याकाळी दादा स्वतः आला. हा माणूस दुकानात कधी येत नाही, बायकांच्या गर्दीत त्याला अवघडल्यासारखं होतं. स्टुलावर टेकला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शोभे, तू लिहितीयस ते कळलं. मला एकच सांगायचंय. त्यात आक्का आली पायजे."

इथं आक्का म्हणजे कोण ते सांगायला हवं. आक्का आमची सगळ्यांत थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते, दादा सहाचा आणि आक्का सतराची. करकंबच्या घरात आम्हा दोघांना न्हाऊमाखू घालून, मारून-मुटकून तिनंच वाढवलं. मग लग्न होऊन ती माळशिरसला गेली, पण आमच्यावरचा हक्क तिनं सोडला नाही. चार वर्षांपूर्वी दादाच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. त्या पत्रिकेत छप्पन्न नावं होती. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असं म्हणणारं आठ महिन्यांचं बाळही होतं (त्याला तेव्हा दातसुद्धा नव्हते). फक्त आक्काचं नाव राहिलं. छापणाऱ्यानं गाळलं की दादानंच द्यायचं राहिलं, देव जाणे. आक्का लग्नाला आली, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत न जेवता एसटीनं निघून गेली. तेव्हापासून दर राखीला तिची राखी पोस्टानं येते. पाकिटात दोरा असतो, चिठ्ठी नसते.

"ह्या पत्रिकेत तिचं नाव सगळ्यात वर छापलंय," दादा म्हणाला. "पण छापलेलं वाचतंय कोण? माइकवर आलं पायजे. चारचौघांनी ऐकलं पायजे. शोभे, ह्या टायमाला आक्का जेवून गेली पायजे, बास. बाकी मला काय नको."

बोलता बोलता तो उगीच अस्तराच्या ताग्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "दादा, तू निर्धास्त राहा. आक्काचं कडवं असं लिहिते की ती दोनदा जेवेल."

मी कामाला लागले. मंगलाष्टकं म्हणजे शार्दूलविक्रीडित, एका ओळीत एकोणीस अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली. आधी पाच कडवी योजली होती. गणपती, कुलदैवत, मुलीकडचे, मुलाकडचे, आणि शेवटचं अख्खं कडवं एकट्या आक्काचं. मोठा गवई मैफलीत शेवटी बसतो, त्या हिशेबानं मी तिला शेवटी बसवली. पहिली चार कडवी चार दिवसांत झाली. आक्काच्या कडव्यावर मी नऊ दिवस घातले. पहिल्यांदाच मी लिहिलेलं कुणाच्या तरी कामी येणार होतं. त्या नऊ दिवसांत दोन बायकांना मी मोरपिशी साडीवर पिवळा फॉल दिला. त्यांनी तो परत आणून दिला.

तेवढ्यात वैनींनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "शोभा वन्सं मंगलाष्टकात सगळ्यांची नावं घेणार आहेत." सगळ्यांची, असं मी म्हटलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाऊण तासात फोन सुरू झाले. करकंबचे नाना म्हणाले, "पोरी, माझं नाव नुसतं नको, 'माजी चेअरमन' लाव." धाकट्या काकू म्हणाल्या, "मला हौस न्हाय, पण जावेचं घेतलंस तर माझं घ्यावं लागतंय." एका चुलतभावानं तिन्ही मुलांची नावं शाळेतल्या टक्केवारीसकट पाठवली. मी कुणालाच नाही म्हणू शकले नाही. खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटलं नाही. आजवर या लोकांनी मला फक्त "शोभे, अस्तरात काय कमी करशील का?" यासाठी फोन केले होते. पाचाची आठ कडवी झाली, आठाची नऊ झाली. हे म्हणाले, "अगं, मंगलाष्टकं आहेत की मतदारयादी?"

लग्न होटगी रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. मुहूर्त दुपारी बारा एकतीसचा. मुलाकडच्या पोरांनी मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंतचं दीड फर्लांग अंतर नाचत तासाभरात कापलं, त्यामुळं अंतरपाट धरायलाच बारा अठरा झाले. आक्का पहिल्या रांगेत बसली होती. हिरवं इरकल, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. तिनं ती पिशवी खाली ठेवली नव्हती, म्हणजे ती निघायच्या तयारीतच होती, हे मी स्टेजवरून बघितलं. दादा तिच्या मागं उभा राहून माझ्याकडं बघत होता.

मी माइक घेतला. गणपती झाला, कुलदैवत झालं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी "सावधान" आलं की अक्षता पडायच्या. तिसऱ्या कडव्यात नानांचं नाव आलं, तसे नाना खुर्चीवरून उठले आणि चारी दिशांना नमस्कार करून पुन्हा बसले. ते बघून पुढच्या प्रत्येकानं तसंच केलं. त्यासाठी मला थांबावं लागलं. पाचव्या कडव्याला लोकांच्या हातातल्या अक्षता संपल्या. आमच्याकडं अक्षता रंगीत ज्वारीच्या असतात. लोक खुर्च्यांखाली वाकून पडलेली ज्वारी गोळा करून पुन्हा टाकायला लागले. अंतरपाट धरणारे दोघं हात बदलत होते. त्याच्या एका बाजूला प्राजू घामानं निथळत होती, दुसऱ्या बाजूला नवरदेव मुंडावळ्यांतून वाट बघत होता.

सातवं झालं तेव्हा गुरुजी माझ्या कानाशी आले. "ताई, आटपा. मुहूर्ताला चार मिनिटं आहेत."

मी मान हलवली. माझ्या हिशेबानं वेळ पुरेसा होता. दोनच कडवी राहिली होती, एक चुलतभावाच्या टक्केवारीचं आणि एक आक्काचं. आठवं कडवं मी दोन मिनिटांत संपवलं. आक्काचा कागद वर घेतला. आणि तेवढ्यात मुलाच्या मामानं एक चिठ्ठी माझ्या हातात सरकवली. त्यावर मुलाकडच्या चार मामांची नावं होती. "बाई, आमचं पण घ्या की. मुलाकडच्यांचं एकच कडवं झालंय."

इथं मी शहाण्यासारखं आक्काचं कडवं म्हटलं असतं तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण समोर सातशे माणसं बसली होती. आयत्या वेळी कडवं रचणं म्हणजे काय असतं, हे त्यांना दाखवायचा मोह मला आवरला नाही. मी डोळे मिटले आणि चार मामांना एकोणीस अक्षरांत बसवायला घेतलं. चौथे मामा नावानं फारच लांब होते. त्यांना मी दोन ओळींत विभागून घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी डोळे उघडले, आक्काकडं बघून हसले, तिनंही पदर सावरला, आणि मी तिच्या कडव्यासाठी श्वास घेतला.

बारा एकतीस. गुरुजींनी माझ्या हातातून माइक काढून घेतला, शेवटचा श्लोक एका दमात म्हटला, अंतरपाट खाली गेला, बँड वाजायला लागला आणि सातशे माणसांनी होती नव्हती ती ज्वारी वधूवरांवर टाकली. लग्न लागलं. आक्काचं कडवं माझ्या हातात राहिलं.

नाव आलं नाही ते फक्त आक्काचं. नानांचं आलं, काकूंचं आलं, जावेचं आलं, पंच्याण्णव टक्क्यांचं आलं, चार अनोळखी मामांचं आलं. आक्का उठली, जेवणाच्या हॉलकडं न जाता थेट फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली, रस्त्याकडं तोंड करून. तिचा मुलगा गाडी आणायला गेला होता.

मी रफीकभाईंकडं धावले. कार्यालयातला माइक त्यांच्याकडं असतो. बँड थांबल्यावर मानाच्या पाहुण्यांना टॉवेल, टोपी, नारळ द्यायला सुरुवात झाली होती आणि रफीकभाई नावं पुकारत होते.

"रफीकभाई, एक मिनिट माइक द्या. एकच कडवं म्हणायचंय."

त्यांनी माइक छातीशी धरला. "ताई, पहले बोलेसो नौ कडवे हो गये ना."

"बरं, मग नुसतं नाव तरी घ्या. द्वारकाबाई, माळशिरस."

त्यांनी कागद वरून खाली वाचला, मग उलटा करून पाठ बघितली. "यादी में नै है ताई. और ये टॉवेल-टोपी बापे लोगां का है, औरतां का नै." आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं. पुढची वीस मिनिटं सरपंच, माजी सरपंच, उपसरपंच, दूध संस्थेचे संचालक आणि जावयाचे मित्र अशी सगळ्या तालुक्याची नावं कर्ण्यातून फाटकापर्यंत जात होती. तो कर्णा नेमका आक्काच्या डोक्यावर बांधला होता.

दादा समोर आला. फेटा सुटून खांद्यावर आला होता. "शोभे, आक्का जेवली का?"

त्यानं फाटकाकडं बघितलं आणि तिथंच पायरीवर बसला. लेकीचं लग्न झालेला बाप पायरीवर बसलाय आणि त्याला तिथं मी बसवलंय, हे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं मी पुठ्ठ्यावर लिहिलं आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. सातशे माणसांपुढं एकदाच म्हटलं, तर सख्खा भाऊ रडायला आला.

मी ताट वाढून घेतलं. बुंदी, चपाती, वांग्याची भाजी, मसालेभात, शेंगाचटणी. ते घेऊन आक्कापुढं गेले.

"आक्का, दोन घास खा."

"भूक न्हाय मला."

"तुझं कडवं होतं गं. सगळ्यात शेवटी होतं, मानानं. गुरुजींनी मधेच थांबवलं. हा बघ कागद, तुझी शपथ."

आक्कानं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "खरंच लिवलं होतंस?"

"नऊ दिवस लागले."

तिचा चेहरा जरा सैल झाला. नऊ दिवस कुणीतरी आपल्यावर घालवले, हे तिला आवडलं असावं. पदरानं तोंड पुसून ती नीट बसली. "म्हण की मग. मी एकटी ऐकते."

मी ताट तिच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, घसा साफ केला आणि चालीवर म्हटलं:

ज्येष्ठा मूर्ति जणू हिमालय उभा, माया जशी सागरी
ऊसाची मधुता जिच्या वचनि हो, रागात जी केसरी
आली माळशिरस्पुराहुन इथे, आशीर्वचांची सरी
देवो ती वरदान या उभयतां, कुर्यात् सदा मंगलम्

आक्कानं मान खाली घातली. मला वाटलं, भरून आलं.

"परत म्हण," ती म्हणाली. मी परत म्हटलं, या वेळी जरा संथ.

"हिमालय म्हंजी? जाडी म्हणतीयस मला?"

"न्हाय गं. उंच, भव्य."

"आन केसरी?"

"सिंह."

"रागात सिंह." आक्कानं ते दोन शब्द चघळल्यासारखे म्हटले. "आन ते माळशिरस्पूर कुठल्या तालुक्यात आलं?"

"ते अक्षरं जुळवायला करावं लागलं, आक्का."

"बरं. आता मला एक सांग." ती माझ्याकडं पूर्ण वळून बसली. "ह्यात माझं नाव कुटं हाय?"

मी कागद बघितला. वरून खाली बघितला. रफीकभाईंनी बघितला तसा उलटा करून पाठही बघितली. नऊ दिवस मी ऱ्हस्व-दीर्घ मोजले होते. हिमालय बसवला, सागर बसवला, सिंह बसवला आणि एक नवीन गाव वसवलं. द्वारकाबाई त्यात नव्हत्या.

"आक्का, 'द्वारकाबाई' वृत्तात बसत न्हाय गं."

"वृत्त कोण? तुझ्या सासरकडलं का?"

मी मान खाली घातली. मग प्लास्टिकची खुर्ची कुरकुरली. मी वर बघितलं तर आक्का हसत होती. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग पदर तोंडात धरला तरी आवाज बाहेर आला.

"अगं भवाने," ती डोळे पुसत म्हणाली, "हे माइकवर म्हटलं असतंस, तर सातशे माणसांत सगळ्यांची नावं आन माझाच तेवढा हिमालय. मी उभ्या मांडवातनं गेले असते. पुन्यांदा तुमच्या दारात पाऊल टाकलं नसतं." तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि ताट मांडीवर ओढलं. "दत्ता कुटाय? त्याला बोलीव. पायरीवर बसलाय बघ यडा. म्हणावं, ये, माझ्या ताटात जेव."

दादा आला. आक्कानं बुंदीचा पहिला घास त्याला भरवला आणि दुसरा स्वतः खाल्ला. दोघं एका ताटात जेवत होती, मधूनच आक्का "रागात सिंह" म्हणायची आणि दोघांना ठसका लागायचा. दादा किती वर्षांनी असा हसत होता. मी शेजारी उभी राहून पाण्याचा तांब्या धरला होता. रडू येत होतं आणि अपमानही होत होता, दोन्ही एकदम.

जेवण झाल्यावर आक्का हात धुऊन सरळ हॉलमध्ये शिरली. गुरुजी कोपऱ्यात पाटावर जेवत होते. आक्कानं वाढप्याच्या हातातलं बुंदीचं भांडं घेतलं आणि गुरुजींनी आडवा हात धरला तरी दोनदा वाढलं.

"गुरुजी, लई उपकार झाले तुमचे. तुमी हिला थांबवलं म्हणून आमचं माहेर टिकलं."

गुरुजींना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, किती कडवी राहिली होती हो तुमची?"

"एकच," मी म्हटलं.

"एकच?" गुरुजींचा घास हातात राहिला. "म्हणजे मी थांबवायला फारच उशीर केला."